पायांखालची पवित्र भूमी : जॉर्डनमधील एक दिवस आणि तीन फरश्या

#थ्रेड #इतिहास

१/ जमिनीवर काढलेले चित्र टिकावे, अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नाही. सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत विस्कटते, आणि त्याचे कोणाला फारसे दुःखही होत नाही. जॉर्डन देशात मात्र पायांखाली तुडवली जाण्यासाठीच घडवलेली चित्रे सुमारे दीड हजार वर्षे टिकून आहेत. त्यांच्याभोवतीच्या भिंती ढासळल्या, छते कोसळली, राज्ये बदलली, जमीन राहिली. ही चित्रे कोणी वाचवली? आणि त्यांतील काही कोणी मोडली? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा एकच येते : तिथे प्रार्थनेसाठी येणारी माणसे. एका दिवसात पाहून होणाऱ्या तीन फरश्यांची ही हकीकत.

२/ प्रथम शब्दाविषयी. महाराष्ट्रातील जुन्या चाळींत आणि बंगल्यांत जिला ‘मोझॅकची लादी’ म्हणतात, ती सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा मिसळून, घासून गुळगुळीत केलेली असते. प्राचीन मोझॅक ही निराळी कला आहे. तिच्यात दगडाचा प्रत्येक खडा हाताने फोडून, रंग पाहून, ठरलेल्या जागी एकेक करून बसवलेला असतो. असे हजारो खडे जुळले की त्यांतून चेहरा, मासा, वेल किंवा अक्षर तयार होते. जडावाच्या फरसबंदीला संस्कृतात ‘कुट्टिम’ हा शब्द आहे. तो या कलेच्या अधिक जवळ जातो.

३/ काम सुरू होई ते खालून. जमीन चोपून तिच्यावर मोठ्या दगडांचा थर, त्यावर चुना आणि खडीचा थर, मग चुना व कुटलेली भाजकी माती यांचा बारीक थर. सर्वांत वर ओला चुना, आणि तोही एका दिवसात काम उरकेल तेवढ्याच भागावर. त्यावर आकृती रेखून, चुना ओला असतानाच खडे बसवावे लागत. जॉर्डनच्या पठारावर पांढरा, पिवळा, गुलाबी, तांबूस आणि काळसर असा अनेक छटांचा चुनखडीचा दगड मिळतो. इथल्या बहुतेक फरश्यांचे रंग म्हणजे याच भूमीचे मूळ रंग होत. म्हणूनच ते उडाले नाहीत.

४/ या प्रवासाचा मध्यबिंदू म्हणजे मादबा हे गाव. राजधानी अम्मानपासून ते सुमारे ३० किलोमीटरवर, नैर्ऋत्येस आहे. गाव फार जुने. बायबलमध्ये त्याचा उल्लेख येतो, आणि इसवी सनपूर्व नवव्या शतकातील मवाबचा राजा मेशा याच्या शिलालेखातही येतो. पुढे नबातियन, रोमन आणि बायझंटाइन अशा सत्ता आल्या. इ.स. १०६ मध्ये रोमनांनी हा प्रदेश ‘अरेबिया’ प्रांतात सामील केला. पाचव्या शतकात मादबा हे बिशपचे ठाणे होते आणि सहाव्या शतकात इथे मोझॅक करणाऱ्या कारागिरांची भरभराट झाली.

५/ तरी दिवसाची सुरुवात मादबात न करता त्याच्या पश्चिमेस सुमारे १० किलोमीटरवर असलेल्या नेबो पर्वतावर करणे श्रेयस्कर. कारण सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पश्चिमेकडची भूमी उजळलेली असते. पर्वताची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. पण समोरचा मृत समुद्र समुद्रसपाटीच्याही ४०० मीटरहून अधिक खाली आहे. त्यामुळे कड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला एक हजार मीटरहून खोल दरी दिसते. दरीच्या तळाशी जॉर्डन नदीची हिरवी रेघ, पलीकडे जेरिको, आणि हवा फार स्वच्छ असेल तर क्षितिजावर जेरुसलेमच्या टेकड्या.

६/ बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात मोशेच्या मृत्यूची कथा आहे. इजिप्तच्या दास्यातून आपल्या लोकांना बाहेर काढून, चाळीस वर्षे वाळवंटातून चालवत आणणारा हा नेता. परमेश्वर त्याला नेबो पर्वतावर नेतो, वचन दिलेली भूमी दुरून दाखवतो आणि सांगतो की तिच्यात तुझे पाऊल पडणार नाही. मोशे तिथेच मरण पावतो. त्याची कबर कुठे आहे हे कोणालाही ठाऊक नाही, असेही तो ग्रंथ नोंदवतो. यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम या तिन्ही परंपरांत मोशे (मूसा) आदरणीय आहे.

७/ चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात एगेरिया नावाची एक ख्रिस्ती स्त्री पश्चिमेकडील दूरच्या मुलखातून पवित्र स्थळांच्या यात्रेला आली. तिने आपल्या भगिनींसाठी लॅटिनमध्ये लिहिलेले प्रवासवर्णन अंशतः उपलब्ध आहे. नेबोच्या माथ्यावर तिने एक लहानसे चर्च पाहिले. त्याच्या दारातून तिला खालचा प्रदेश दाखवण्यात आला : जॉर्डन मृत समुद्राला मिळते ती जागा, जेरिको, आणि लोटाची बायको मिठाचा खांब झाली ते ठिकाण. पण खांब काही आपल्याला दिसला नाही, दिसली ती नुसती जागा, असे तिने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

८/ हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे. पवित्र स्थळी जाणाऱ्याला बरेचदा जे पाहायचे असते तेच दिसते. एगेरिया श्रद्धाळू होती, तरी ऐकलेले आणि पाहिलेले यांत तिने भेद केला. तिच्या लेखनाची एकमेव मोठी हस्तलिखित प्रत इटलीतील अरेत्सो या गावी सापडली ती १८८४ मध्ये. योगायोग असा की त्याच वर्षी मादबातील एका विलक्षण फरशीची पहिली खबर जेरुसलेमला पोहोचली. तिच्याकडे पुढे येऊच.

९/ एगेरियाने पाहिलेले छोटे चर्च पुढील दोनशे वर्षांत वाढत गेले. भोवती मठ उभा राहिला. नंतर तो ओसाड पडला आणि शतकानुशतके ढिगाऱ्याखाली राहिला. १९३२ मध्ये फ्रान्सिस्कन संघाने ही जागा विकत घेतली आणि पुढच्या वर्षी उत्खनन सुरू झाले. मोठ्या चर्चचे अवशेष, त्याच्या फरश्या, लेख असे बरेच काही हाती लागले. पण या टेकडीवरचे सर्वांत सुंदर चित्र आणखी चाळीसहून अधिक वर्षे लपून राहिले. कारण ते एका फरशीखालच्या फरशीवर होते.

१०/ १९७६ मध्ये मिकेले पिचिरिल्लो या फ्रान्सिस्कन पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली चर्चच्या उत्तरेकडील दालनाची फरशी दुरुस्तीसाठी उचलण्यात आली. तिच्याखाली सुमारे एक मीटर खोलीवर आणखी एक मोझॅक निघाले, आणि ते जवळजवळ अखंड होते. त्यावरील ग्रीक लेखात काळ दिला आहे : इ.स. ५३०. ही जागा तेव्हा बाप्तिस्मागृहाची होती. क्रुसाच्या आकाराचे कुंडही तिथे आहे. लेखात बिशपचे नाव येते, आणि त्यासोबत तीन कारागिरांचीही नावे येतात : सोएलोस, कैओमोस आणि एलियास.

११/ कारागिरांची नावे टिकणे हे प्राचीन कलेत दुर्मीळ. या तिघांनी जे घडवले ते चार पट्ट्यांत मांडलेले आहे. सिंहाशी आणि रानडुकराशी झुंजणारे शिकारी, झाडाखाली बसून शेळ्यामेंढ्या राखणारा मेंढपाळ, शहामृगाला दोरीने धरून नेणारा कृष्णवर्णी पुरुष, आणि अंगभर ठिपके असलेला एक चमत्कारिक उंट. हा उंट म्हणजे बहुधा जिराफ असावा. ग्रीक भाषेत जिराफाला ‘उंट-बिबट्या’ या अर्थाचे नाव आहे. प्रत्यक्ष प्राणी न पाहता केवळ नावावरून चित्र काढले, तर ते नेमके असेच होईल!

१२/ हे चित्र अखंड का राहिले? सहाव्या शतकाच्या अखेरीस, इ.स. ५९७ च्या सुमारास, चर्चचा विस्तार करताना या दालनाची पातळी मुख्य चर्चच्या बरोबरीला आणायची होती. म्हणून जुने दालन भरून काढले आणि वर नवी फरशी घातली. जुने चित्र केवळ ६७ वर्षांचे होते. ज्यांनी ते पाहिले होते अशी काही वृद्ध माणसे तेव्हा हयात असतील. कोणी हळहळले का, हे इतिहासाला माहीत नाही. जतन करण्याचा हेतू कोणाच्याही मनात नव्हता. सोय हवी होती. त्या सोयीनेच चित्र वाचले. दिवसाचा हा पहिला धडा : गाडले जाणे हाही कधीकधी संरक्षणाचाच प्रकार ठरतो.

१३/ नेबोवरून उतरून मादबात येणारा प्रवासी सेंट जॉर्जच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये शिरतो, तेव्हा बाहेरून त्याला विशेष काही दिसत नाही. इमारत एकोणिसाव्या शतकातील, साधी. आत गेल्यावर दोरखंडाने राखलेला जमिनीचा एक भाग दिसतो, आणि क्षणभराने ध्यानात येते की सकाळी पर्वतावरून पाहिलेली भूमी इथे पायांशी पसरलेली आहे. नदी, समुद्र, जेरिको, जेरुसलेम, सगळे आपापल्या नावांसह. पवित्र भूमीचा हा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना नकाशा.

१४/ नकाशाचा काळ सहाव्या शतकाचा मध्य वा उत्तरार्ध असा ठरवला जातो. तो कसा ठरला, हे पाहण्यासारखे आहे. सम्राट जस्टिनियनने जेरुसलेमात बांधलेले ‘नेआ’, म्हणजे नवे, चर्च नकाशावर दाखवलेले आहे. ते ५४० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. म्हणजे नकाशा त्याच्या आधीचा असू शकत नाही. आणि ५७० नंतरच्या वास्तू त्यावर आढळत नाहीत. काय आहे आणि काय नाही, या दोन टोकांमध्ये काळ पकडण्याची ही पद्धत इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी.

१५/ आज शिल्लक असलेला भाग सुमारे १६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे, तोही मध्ये मध्ये तुटलेला. मूळ नकाशा याहून बराच मोठा होता. त्यात वीस लाखांहून अधिक खडे वापरले असावेत असा अंदाज आहे. लेबनॉनपासून नाईलच्या मुखापर्यंतचा प्रदेश त्यावर होता. गावांची नावे ग्रीक लिपीत आहेत. दीडशेच्या आसपास आज वाचता येतात. नावांची निवड करताना चौथ्या शतकातील बिशप युसेबियस याच्या बायबलमधील स्थलनामांच्या कोशाचा आधार घेतलेला दिसतो.

१६/ आजच्या नकाशांत उत्तर दिशा वर असते. इथे वर आहे पूर्व. चर्चची वेदी पूर्वेला असते. तिच्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या भाविकाच्या पायाजवळ भूमध्य समुद्राचा किनारा येतो, समोर जॉर्डन आणि त्यापलीकडे वाळवंट. उत्तरेची गावे खरोखरच त्याच्या डाव्या हाताला आणि दक्षिणेची उजव्या हाताला. नकाशातील प्रत्येक दिशा प्रत्यक्ष भूमीच्या दिशेशी जुळते. हा नकाशा नेमका कशासाठी केला, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. नेबोवरून मोशेला जे दर्शन घडले तेच इथे साकारले असावे, असा एक तर्क त्यांत आहे.

१७/ मधोमध जेरुसलेम : तटबंदीने वेढलेले लंबगोल नगर. उत्तरेच्या दरवाजाशी चौकात एक उंच स्तंभ, आणि तिथून नगराच्या आरपार जाणारा दुतर्फा खांबांचा राजरस्ता. स्तंभ आज अस्तित्वात नाही. पण त्या दरवाजाला अरबी भाषेत अजूनही ‘बाब अल्-अमूद’ म्हणजे ‘स्तंभाचा दरवाजा’ म्हणतात. रस्त्याच्या मध्यावर, त्याला लागून, पवित्र कबरीचे चर्च उलटे दाखवले आहे. रस्त्यावर उभा राहून पाहणाऱ्याला त्याचे प्रवेशद्वार समोर दिसावे, अशी ही योजना.

१८/ हे चित्र कल्पनेने सजवलेले असेल, असे कोणाला वाटू शकले असते. १९६७ नंतर पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांनी जुन्या जेरुसलेमच्या ज्यू विभागात उत्खनन केले, तेव्हा तो राजरस्ता सापडला आणि नेआ चर्चचे अवशेषही सापडले. २०१० मध्ये जाफा दरवाजाजवळ दगडी फरसबंदीचा आणखी एक प्राचीन रस्ता उघडा पडला. तोही नकाशावर आधीपासून होता. दूरच्या गावातील अनाम कारागिरांनी जमिनीवर मांडलेले खडे चौदा शतकांनंतर साक्षीदार म्हणून उभे राहिले.

१९/ नकाशाची अचूकता जितकी मोलाची, तितकाच त्यातील जिव्हाळाही. जेरिकोभोवती खजुरीची झाडे आहेत. नदीवर दोरखंडाच्या आधाराने चालणारी तर आहे. नदीतून पोहत आलेला एक मासा मृत समुद्राच्या तोंडाशी पोहोचून माघारी वळला आहे, कारण पुढच्या खाऱ्या पाण्यात तो जगणार नाही. समुद्रात मालाने भरलेल्या दोन नावा आहेत. त्यांतील नावाड्यांच्या जागी मात्र खड्यांचा विस्कळीत गोंधळ आहे. नाव शाबूत, माल शाबूत, माणसे पुसलेली. हे कोणी केले? त्याचे उत्तर संध्याकाळी, तिसऱ्या फरशीपाशी मिळते.

२०/ त्याआधी हा नकाशा सापडला कसा ते पाहू. आठव्या शतकाच्या मध्यावर, इ.स. ७४९ मध्ये, या प्रदेशात मोठा भूकंप झाला. त्यानंतर मादबा हळूहळू ओसाड पडले. १८८० मध्ये दक्षिणेकडील करक येथील ख्रिस्ती अरब कुटुंबे इथे येऊन वसली. तेव्हा राज्य उस्मानी तुर्कांचे होते. नवी चर्चे बांधण्यास परवानगी मिळे ती जिथे पूर्वी चर्च होते तिथेच. त्यामुळे वसाहतकऱ्यांनी अवशेष शोधले, आणि घरांचे पाये खणताना गावभर जुन्या फरश्या निघू लागल्या.

२१/ नकाशाची खबर १८८४ मध्ये जेरुसलेमच्या ग्रीक पितृपीठाला कळवली गेली, पण तिची वेळेवर दखल घेतली गेली नाही. दरम्यान जुन्या अवशेषांवर नवे चर्च उभे राहिले. बांधकामात नकाशाचा काही भाग गेला. एका खांबाने त्यात आपली जागा घेतली. १८९६ च्या अखेरीस पितृपीठाचे ग्रंथपाल क्लेओपास कोइकिलिदेस मादबात आले, तेव्हा या फरशीचे मोल प्रथम ओळखले गेले. पुढच्या वर्षी त्यांनी ते जगाला कळवले आणि विद्वानांची रीघ लागली.

२२/ यात दोष कोणाला द्यावा? परक्या भूमीत नव्याने वसलेल्या कुटुंबांना प्रार्थनेसाठी छप्पर हवे होते. त्यांनी जुन्या चर्चचीच जागा निवडली, म्हणून नकाशा उजेडात आला. आणि तिथेच बांधकाम केले, म्हणून तो तुटला. १९६५ मध्ये जर्मन तज्ज्ञांनी उरलेल्या भागाची दुरुस्ती केली. चर्चमध्ये आजही उपासना होते, आणि त्या वेळी पर्यटकांना बाहेर थांबावे लागते. जिथे तो घडवला गेला तिथेच नकाशा आहे. त्याच्या उरलेल्या भागात मात्र मादबाचेच नाव नाही. नकाशा करणाऱ्या गावाचा तुकडा हरवला आहे.

२३/ मादबात इतरही फरश्या आहेत. प्रेषितांच्या चर्चमध्ये इ.स. ५७८ चे मोझॅक असून त्यावर सलामानिओस या कारागिराचे नाव आहे. मधल्या वर्तुळात ‘थालासा’ म्हणजे सागर ही देवता स्त्रीरूपात पाण्यातून वर येते. जवळच्या दुसऱ्या दालनात फेड्रा आणि हिप्पोलिटस यांची ग्रीक शोकांतिका चितारलेली आहे आणि आफ्रोडाइटीही आहे. हे सारे ख्रिस्ती नगरात, सहाव्या शतकात! जुन्या देवदेवता पूजेतून गेल्या तरी चित्रांतून आणि कथांतून गेल्या नव्हत्या.

२४/ दुपार कलताना प्रवासी आग्नेयेकडे सुमारे ३० किलोमीटरवरील उम्म अर्-रसास इथे पोहोचतो. उघड्या माळावर पडक्या दगडी भिंतींचा पसारा. मूळ हे रोमन लष्करी ठाणे. पुढे त्याभोवती गाव वाढले आणि चर्चे उभी राहिली. थोड्या अंतरावर सुमारे १४ मीटर उंचीचा चौकोनी बुरूज आहे, ज्याला आत जिना नाही. स्तंभावर राहून तप करणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या परंपरेशी तो जोडला जातो. २००४ मध्ये या स्थळाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

२५/ १९८६ मध्ये इथे सेंट स्टीफनच्या चर्चची फरशी उघडी पडली. तिच्यावरील लेखामुळे या जागेचे जुने नाव कळले : कास्त्रोन मेफा. फरशीच्या कडेने नगरांची रांग आहे. एका बाजूला जेरुसलेम, नाब्लूस, कैसरिया, गाझा यांसह पॅलेस्टाइनची आठ नगरे. दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फिया म्हणजे आजचे अम्मान, मादबा, करक यांसह जॉर्डनपारची सात. आतल्या चौकटीत नाईलच्या मुखप्रदेशातील दहा नगरे. सकाळच्या नकाशात हरवलेले मादबा इथे नावानिशी भेटते.

२६/ या फरशीचा काळच विचार करायला लावणारा आहे. लेखातील साल काही अभ्यासक ७१८ असे वाचतात, काही ७८५ असे. कोणतेही वाचन धरले तरी ती आठव्या शतकातील ठरते. या प्रदेशावर मुस्लिम सत्ता आली ती सातव्या शतकाच्या चौथ्या दशकात. म्हणजे सत्ताबदलानंतर पाऊणशेहून अधिक वर्षांनीही इथले ख्रिस्ती गावकरी वर्गणी गोळा करून, ग्रीक लेख कोरवून, बिशपच्या कारकिर्दीत नव्या फरश्या घालीत होते. ‘सत्ता बदलली आणि एका रात्रीत सारे संपले’ ही समजूत या खड्यांपुढे टिकत नाही.

२७/ आणि आता पुसलेल्या माणसांकडे. नगरांच्या चौकटीत सर्व काही स्पष्ट आहे : बुरूज, छपरे, दरवाजे. पण देणगीदारांच्या प्रतिमा, शिकारी, कोळी, पशुपक्षी यांच्या जागी खड्यांची सरमिसळ आहे. नीट पाहिले की कळते, ही मोडतोड रागाने केलेली नाही. हातोडा घालून खड्डे पाडलेले नाहीत. खडे उचलले, त्यांचा क्रम बदलला आणि तेच खडे पुन्हा त्याच जागी चुन्यात बसवले. जमीन सपाट राहिली, चालण्याजोगी राहिली. मईन या गावच्या फरशीवर तर बैलाच्या जागी झाड आले आहे. शेपटीच्या आणि खुरांच्या खुणा मात्र राहून गेल्या.

२८/ असे काम कोण करील? ज्याला उद्या त्याच जमिनीवर उभे राहून प्रार्थना करायची आहे, तोच. म्हणून हे काम खुद्द त्या त्या चर्चच्या लोकांनी केले किंवा करवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कारणांबद्दल एकमत नाही. उमय्यद खलिफा यझीद दुसरा (कारकीर्द ७२०–७२४) याने सजीवांच्या प्रतिमांविरुद्ध फर्मान काढल्याचे उल्लेख आढळतात. शेजारी मुस्लिम समाजाच्या भावनांचा विचार असेल. खुद्द ख्रिस्ती समाजातही प्रतिमा योग्य की अयोग्य हा वाद पेटलेला होता.

२९/ त्याच शतकात बायझंटाइन सम्राटांनी आपल्या राज्यात प्रतिमांवर बंदी आणली होती. आणि त्याच वेळी उमय्यद सत्तेखाली राहणारा ख्रिस्ती पंडित योहान दमास्कसकर प्रतिमांच्या बाजूने निबंध लिहीत होता. म्हणजे वाद सरळ दोन धर्मांमधला नव्हता. दोन्हीकडे दोन्ही मतांची माणसे होती. उम्म अर्-रसासच्या गावकऱ्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला : चर्च राखले, फरशी राखली, चेहरे सोडून दिले. हा मार्ग दबावाचा, तडजोडीचा की बदललेल्या श्रद्धेचा, हे खड्यांवरून कळत नाही. हात कुशल आणि सावध होता, एवढे कळते.

३०/ दिवसाच्या शेवटी तीन फरश्या शेजारी मांडून पाहाव्यात. नेबोवर उपासकांनी चित्र गाडले, म्हणून ते अखंड राहिले. मादबात उपासकांनीच ते शोधले आणि त्यांच्याच बांधकामात ते तुटले. उम्म अर्-रसासमध्ये उपासकांनीच चेहरे पुसले आणि बाकीचे सांभाळले. तिन्ही ठिकाणी वापर हाच विनाशाचा आणि रक्षणाचा धागा आहे. प्राचीन वास्तू म्हणजे कोण्या एका क्षणी गोठलेली वस्तू, असे समजून जाणाऱ्याला यातील निम्मा इतिहास दिसतच नाही.

३१/ आज या कामाची जबाबदारी निराळ्या हातांत आहे. १९९२ मध्ये मादबात मोझॅकची शाळा सुरू झाली. जॉर्डनमधील तरुण-तरुणी तिथे खडे फोडायला, जुना चुना ओळखायला, तुटलेली फरशी उचलून पुन्हा बसवायला शिकू लागले. शाळेचे पुढे संस्थेत रूपांतर झाले. ही शाळा उभी करण्यात पुढाकार घेणारे पिचिरिल्लो २००८ मध्ये निवर्तले. त्यांची कबर नेबोच्या माथ्यावर आहे. दुरुस्तीत एक प्रश्न वारंवार उभा राहतो : पुसलेले चेहरे पुन्हा घडवावेत का?

३२/ मादबाच्या नकाशावरील नावाड्यांना नवे चेहरे दिलेले नाहीत, आणि ते योग्यच आहे. सहाव्या शतकातील कारागिराने माणसे घडवली, हे जितके खरे, तितकेच नंतरच्या कोणीतरी ती सावधपणे पुसली, हेही खरे. एक सत्य दाखवण्यासाठी दुसरे खोडण्याचा अधिकार इतिहासाला नाही. म्हणून मृत समुद्रावर त्या दोन नावा आजही माणसांवाचून उभ्या आहेत : माल भरलेला, आणि नावाड्यांच्या जागी त्यांच्याच अंगावरचे खडे, क्रम बदलून बसवलेले. (समाप्त)